पहिला पेपर विद्यार्थी-जर्नलला पाठवताना: कामाचा क्रम आणि नेमकं कुठे अडतं

"सर, पेपर लिहून तयार आहे, फक्त एथिक्सचं पत्र हवंय." सेकंड इयरपासून इंटर्नशिपपर्यंत हे वाक्य कुठल्या ना कुठल्या बॅचमध्ये ऐकू येतंच, आणि तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं. माणसांवरच्या संशोधनाला आधी मान्यता देणारी एथिक्स कमिटी मागच्या तारखेची मान्यता देत नाही. शंभर जणांकडून फॉर्म भरून घेतले, एक्सेलमध्ये चढवले, रात्री जागून लिहिलं, तरी तो पेपर कुठलंही धड जर्नल घेणार नाही. विद्यार्थीच संपादक असलेल्या जर्नलमध्ये हात सैल असेल, हा भ्रमही सोडा. तिथेही पहिली चौकशी याच पत्राची होते.

पहिला पेपर बहुतेक वेळा लिहायला घेण्याआधीच पडलेला असतो, कारण कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. खालचा क्रम नाशिक परिसरातल्या आडगावच्या मेडिकलचा विद्यार्थी असो, घोटीकडच्या कॉलेजचा असो की गणेशवाडीतल्या आयुर्वेदाचा, सगळ्यांना सारखाच लागू आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच कल्पित अभ्यास शेवटपर्यंत धरू: दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांना त्वचेचा आणि डोळ्यांचा काय त्रास होतो.

## १. प्रश्न लहान करा, कॅलेंडर समोर ठेवा

"शेतमजुरांचे आरोग्य" हा विषय झाला, त्यातून प्रश्न काढावा लागतो. "चालू हंगामात स्वतः फवारणी करणाऱ्या १८ वर्षांवरच्या मजुरांपैकी किती जणांना गेल्या सात दिवसांत त्वचेची आग, खाज किंवा डोळ्यांची जळजळ झाली?" कोण, कुठे, कधी आणि काय मोजणार, ही चारही उत्तरं एका वाक्यात बसत नसतील तर प्रश्न अजून मोठा आहे.

आता कॅलेंडर. गोडी बहाराची छाटणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि त्यानंतर डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने फवारणीची घाई उडते. म्हणजे माहिती गोळा करायची ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जानेवारीत गेलात तर "गेल्या सात दिवसांत" या प्रश्नाला भलतंच उत्तर येईल. उलट मोजत या: सप्टेंबरअखेर मान्यतेचं पत्र हातात हवं, म्हणजे अर्ज जुलैत, म्हणजे प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) जूनमध्ये. त्यात तुमच्या टर्मिनल परीक्षा कुठे येतात ते लाल पेनने मांडा. हंगाम हुकला तर वर्ष गेलं.

मग सॅम्पल साइज, म्हणजे किती जणांना विचारायचं. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) प्रॅक्टिकलला पाठ केलेलं "फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर" इथे पहिल्यांदा खऱ्या कामाला येतं आणि इथेच घोळ होतो. 'पी' म्हणजे आधीच्या अभ्यासातलं त्रासाचं टक्केवारीतलं प्रमाण, 'क्यू' म्हणजे शंभरातून पी वजा केल्यावर उरलेलं, 'एल' म्हणजे चुकीची मुभा; ती निव्वळ टक्क्यांत धरली की पी-च्या टक्क्यांत, हे बरेच जण लिहीतच नाहीत. आधीच्या अभ्यासात त्रासाचं प्रमाण २० टक्के होतं असं धरा. मुभा निव्वळ ५ टक्के घेतली तर ४ × २० × ८० भागिले २५, म्हणजे २५६ मजूर लागतात. पी-च्या १० टक्के घेतली तर एल होतो २, आणि आकडा जातो १६०० वर. प्रोटोकॉलमध्ये एक आणि पेपरमध्ये दुसरं असं झालं की रिव्ह्यूअर (जर्नलसाठी पेपर तपासणारा) तिथेच बोट ठेवतो.

दुसरी गोम म्हणजे मजूर टोळीने येतात. एका टोळीत तीच औषधं, तोच पंप, तीच सवय. त्यामुळे एकाच टोळीतले वीस जण हे वीस सुटे नमुने धरता येत नाहीत. हे सॅम्पल साइजमध्ये कसं धरायचं ते सांख्यिकीच्या शिक्षकांना आधी विचारा. काम झाल्यावर ते तुमच्यासाठी फार काही करू शकत नाहीत.

तपासा: दोघा-तिघांना, पोस्टिंग सांभाळून, ठरलेल्या आठवड्यांत इतके लोक खरंच भेटतील का? नसतील तर मुभा वाढवा आणि तसं उघड लिहा. २५६ लिहून ११० वर थांबण्यापेक्षा प्रामाणिकपणे ठरवलेले ११० केव्हाही चालतात.

## २. गाईड, आणि लेखकांची यादी कागदावर

गाईड निवडताना हुद्दा पाहू नका. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी विद्यार्थ्याबरोबर काही छापलंय का ते पाहा. वेळ देणारे असिस्टंट प्रोफेसर हे वेळ नसलेल्या विभागप्रमुखांपेक्षा पहिल्या पेपरला जास्त उपयोगी पडतात.

लेखकत्वाचे निकष आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या समितीने घालून दिलेले आहेत आणि बहुतेक विद्यार्थी-जर्नल्स तेच पाळतात. निकष चार: कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात मुद्द्याची दुरुस्ती करणं, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि पेपरमधल्या मजकुराची जबाबदारी घेणं. चारही पूर्ण व्हावे लागतात. फॉर्म भरायला मदत केलेला मित्र, एका दुपारी गाडी दिलेला सिनियर, प्रथेने नाव घातलेले साहेब, हे सगळे आभारात जातात. तेही त्यांना विचारून.

भांडणं टाळायची असतील तर पहिल्याच आठवड्यात एक पान करा: डावीकडे कामं, वर नावं, पहिला लेखक कोण, पत्रव्यवहार कोण करणार. सगळ्यांच्या सह्या घ्या. मोठ्यांसमोर हे कसं काढायचं असा संकोच असेल तर "सर, जर्नलला द्यावं लागतं, म्हणून आत्ताच भरून ठेवतोय" एवढंच म्हणा. खोटंही नाही, कारण प्रत्येकाचा वाटा काय हे बरीच जर्नल्स विचारतात.

पत्रव्यवहाराला कॉलेजचा ईमेल देऊ नका, पास झाल्यावर तो बंद पडतो आणि प्रूफ (छापण्याआधी तपासायला येणारी प्रत) कुणाच्याच हाती लागत नाही. ऑर्किड हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक फुकट मिळतो, तो आजच काढा.

## ३. जर्नल आत्ताच निवडा

लिहून झाल्यावर जर्नल शोधायला निघणं म्हणजे शिवून झाल्यावर माप घेणं. शब्दमर्यादा, संदर्भांची पद्धत, सोबत जोडायची प्रमाणपत्रं, लेखकांपैकी विद्यार्थी कोण असावा, हे सगळं जर्नलगणिक बदलतं. तीन नावांची यादी करा आणि प्रत्येकाची लेखकांसाठीची सूचना पूर्ण वाचा.

विद्यार्थी चालवत असलेली नावाजलेली जर्नल्स आहेत. 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ मेडिकल स्टुडंट्स' जगभरच्या विद्यार्थ्यांचं काम घेतं. आशियाई वैद्यकीय विद्यार्थी संघटनेचं स्वतःचं जर्नल आहे. टोरंटो आणि मॅकगिल विद्यापीठांत विद्यार्थ्यांची जुनी जर्नल्स आहेत. 'येल जर्नल ऑफ बायोलॉजी अँड मेडिसिन' विद्यार्थी संपादित करतात, पण ते पबमेड सेंट्रल या वैद्यकीय पेपरच्या मोफत ऑनलाइन संग्रहात आहे आणि तिथे तुमची गाठ मुरलेल्या संशोधकांशी पडते; पहिल्याच सर्वेक्षणासाठी तिथे जाऊ नका. काही जर्नल्स फक्त आपल्या विद्यापीठाचं किंवा ठरलेल्या विषयाचं काम घेतात. इंटर्नशिप संपलेल्यांनी पात्रतेची मुदत आधी बघावी. "नुकताच पदवीधर" म्हणजे किती महिने हे प्रत्येक जर्नल वेगळं ठरवतं.

बरीच विद्यार्थी-जर्नल्स पबमेड या वैद्यकीय पेपरच्या शोधसूचीत नाहीत. त्याने काम कमी दर्जाचं ठरत नाही, मात्र पुढे कुठे गुण किंवा पात्रतेसाठी पेपर दाखवायचा असेल तर तिथली मान्य यादी आधी पाहा, मागून हळहळू नका.

आता सापळे. "डिअर एस्टीम्ड प्रोफेसर" अशी सेकंड इयरच्या पोराला ईमेल आली की काय समजायचं ते समजा. बाकीच्यांसाठी एवढं करा:

- त्या जर्नलमधले तीन जुने पेपर उघडून खरोखर वाचा. मुखपृष्ठ सगळ्यांचं छान असतं, आतला मजकूर लपत नाही.
- "आमचं जर्नल अमुक ठिकाणी अनुक्रमित (सूचीत नोंदलेलं) आहे" हा दावा त्यांच्या पानावर न तपासता त्या अमुक ठिकाणी जाऊन तपासा. डीओएजे या मुक्त जर्नल्सच्या सूचीच्या संकेतस्थळावर नाव शोधायला मिनिट लागतं. पबमेडमध्ये एखादा पेपर दिसला म्हणजे जर्नल मेडलाइन या पबमेडमधल्या निवडक जर्नल्सच्या सूचीत आहे असं होत नाही.
- आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. गुगल स्कॉलरमध्ये दिसणं हेही अनुक्रमण नव्हे.
- यूजीसीने केअर ही मान्य जर्नल्सची यादी २०२५ मध्ये बंद केली. अजूनही "केअर मान्यताप्राप्त" असं मिरवणाऱ्याकडे संशयाने पाहा.
- फी किती, कधी, आणि पेपर मागे घेतला तर काय, हे सबमिट करण्याआधी लेखी दिसलं पाहिजे. स्वीकृतीच्या पत्रासोबत पहिल्यांदा फी कळली तर ते दुकान आहे.

थांबा: एक पेपर एकाच वेळी एकाच जर्नलला. "दोन ठिकाणी टाकून ठेवू, जे आधी घेईल ते" हा प्रकार उघड झाला तर दोन्हीकडून नाव जातं.

## ४. एथिक्स कमिटी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आरोग्य विद्यापीठ नाशकातच, दिंडोरी रोडला म्हसरूळकडे आहे, म्हणून मान्यता तिथूनच आणायची असा काहींचा समज असतो. नाही. अर्ज आपल्या संस्थेच्या कमिटीकडे, गाईडच्या सहीने, मेंबर सेक्रेटरींच्या नावे करायचा. कमिटीची पुढची बैठक कधी आणि त्याआधी किती दिवस कागद द्यायचे, हे ऑफिसमध्ये जाऊन विचारा. एक बैठक हुकली की पुढचीची वाट पाहत हंगाम निघून जातो.

साधारण कागद असे: प्रोटोकॉल, प्रश्नावली इंग्रजीत आणि मराठीत, माहितीपत्रक आणि संमतीपत्र दोन्ही भाषांत, सगळ्यांचे बायोडेटा, विभागप्रमुखांची सही, खर्चाचा तपशील. कॉलेजचा ठरलेला नमुना असेल तर तोच वापरा.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुनरावलोकनाचे तीन प्रकार आहेत: सूट, जलद आणि पूर्ण कमिटीपुढे. "आमची फक्त प्रश्नावली आहे, सूट असेल" असं स्वतः ठरवून कामाला लागू नका. सूट आहे की नाही हेही कमिटीच ठरवते आणि त्याचंही पत्र देते.

एथिक्सच्या मान्यतेने बागेचं फाटक उघडत नाही. जागेची परवानगी वेगळी घ्यायची. बागेत मालकाची, प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून विचारणार असाल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची, सिव्हिलमध्ये करणार असाल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची.

### संमतीपत्राची मराठी

कमिटीकडून सर्वाधिक कागद परत येतात ते संमतीपत्रावरून, आणि ते योग्यच आहे. इंग्रजी नमुना मशिनमध्ये टाकून निघालेलं वाक्य पाहा:

"सदर संशोधन प्रकल्पामध्ये सहभागी होण्यास माझी स्वेच्छेने संमती असून त्यातील संभाव्य जोखीम व लाभ मला अवगत करण्यात आले आहेत."

पेठ-सुरगाण्याकडून टोळीने दिंडोरीला आलेला माणूस हे ऐकून मान डोलावेल. ती संमती धरता येत नाही. त्याऐवजी:

"आम्ही मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी आहोत. औषध मारताना अंगाला, डोळ्याला काय त्रास होतो ते विचारणार आहोत. पंधरा मिनिटं लागतील. नको वाटलं तर नाही म्हणा, मधेच उठलात तरी चालेल. तुमचं नाव मालकाला किंवा मुकादमाला सांगणार नाही. दवाखान्यात जे उपचार मिळतात ते मिळतच राहतील."

यात "मजुरी कापली जाणार नाही" हे वाक्य घालायचा मोह होतो. मालकाशी बोलून पक्कं केल्याशिवाय घालू नका. ते वचन तुमच्या हातातलं नाही. त्यापेक्षा जेवणाच्या सुटीत विचारायचं ठरवा आणि प्रोटोकॉलमध्ये तसं लिहा.

मुकादमाचा मुद्दा याहून नाजूक. तो म्हणेल, "बसा रे सगळे, डॉक्टर विचारतायत." त्याच्यासमोर नाही म्हणायची कुणाची टाप नाही. मुकादमाची किंवा मालकाची परवानगी म्हणजे आत यायची परवानगी. संमती प्रत्येकाची वेगळी, मुकादम बाजूला असताना. काही जणांना कोकणा बोली जवळची असते. टोळीबाहेरचा दुभाषी आधीच शोधा. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा असेल तर तटस्थ साक्षीदाराची सही लागते आणि तो साक्षीदार मुकादम नसावा.

वयाचीही खात्री करा. १८ च्या आतले घेणार असाल तर पालकांची संमती, शिवाय मुलाचा होकार लागतो: ७ ते १२ वर्षांत तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. पहिल्या अभ्यासात १८ वर्षांवरचेच घ्या.

एक प्रश्न कमिटीत येणारच: "विचारताना कुणी उलट्या, घाम, धूसर दिसणं सांगितलं तर काय कराल?" विषबाधेची शंका आली तर फॉर्म बाजूला ठेवून कुणाला फोन, कुठल्या केंद्रात, कुठल्या गाडीने, हे तीन ओळींत लिहून ठेवा. "योग्य ते रेफर केले जाईल" याने समाधान होत नाही.

तपासा: पत्र हातात आल्यावर त्यावरचं शीर्षक, प्रमुख संशोधकाचं नाव, तारीख, कमिटीचा नोंदणी क्रमांक हे चारही वाचा. पत्रातलं शीर्षक आणि पेपरचं शीर्षक वेगळं असलं तर संपादक विचारतोच. पहिला फॉर्म या तारखेनंतरचाच हवा.

### केस रिपोर्ट करणाऱ्यांसाठी

इंटर्न बहुधा केस रिपोर्टने सुरुवात करतात. तिथे अडतं ते रुग्णाच्या लेखी संमतीवर. डिस्चार्जच्या दिवशी घ्या. रुग्ण एकदा गावी गेला की फोन लागत नाही. जर्नलचा स्वतःचा फॉर्म असेल तर तोच भरून घ्या. कमिटीने एका केसला सूट दिली असेल तरी तसं पत्र ठेवा. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी ओढली म्हणजे ओळख लपली असं आता धरत नाहीत. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव आणि नोंदणी क्रमांक खोडा. दुर्मीळ आजार, वय आणि छोट्या पाड्याचं नाव एकत्र आलं की गावाला माणूस कळतो. "नाशिक जिल्ह्यातील" एवढं पुरे. लिहिताना केअर ही केस रिपोर्टमध्ये काय हवं त्याची १३ मुद्द्यांची यादी शेजारी ठेवा (यूजीसीच्या केअर यादीशी हिचा संबंध नाही).

## ५. नोंदणी लागते का?

नुसतं विचारणार असाल तर सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत नोंदणी सक्तीची नाही. पण मजुरांना हातमोजे-गॉगल वाटून महिन्याने त्रास कमी झाला का पाहणार असाल, तर तो हस्तक्षेप झाला. मग पहिला माणूस घेण्याआधी नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (छापलेल्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) करणाऱ्यांनी अशा आढाव्यांची नोंदवही असलेलं प्रॉस्पेरो पाहावं.

## ६. वाट पाहण्याच्या दिवसांत

अर्ज आणि मान्यता यांच्यामधले आठवडे वाया घालवू नका. अनेक विद्यार्थी-जर्नल्स विद्यार्थ्यांनाच रिव्ह्यूअर म्हणून घेतात आणि त्यासाठी थोडं शिकवतातही. दुसऱ्याचे दोन मसुदे तपासलेत की स्वतःच्या पेपरमध्ये लोक कुठे अडखळतील ते दिसायला लागतं. माझ्या मते पहिल्या पेपरची यापेक्षा चांगली तयारी नाही.

याच काळात झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवा, संदर्भ त्यात साठवा आणि प्रश्नावली मित्रांवर नव्हे, तर प्रश्नांची भाषा ज्यांची आहे अशा चार-पाच जणांवर वाचून पाहा. ही फक्त भाषेची चाचणी. उत्तरं कुठे लिहून ठेवू नका, आणि ज्यांना अभ्यासात घेणार त्यांना आत्ता विचारू नका. शब्द बदलले तर बदललेली प्रश्नावली कमिटीला कळवा.

## ७. माहिती गोळा करणं आणि मास्टर चार्ट

मास्टर चार्ट म्हणजे सगळ्या फॉर्मची माहिती एकत्र असलेला तक्ता. एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक माणूस, एक रकाना म्हणजे एक प्रश्न. सेल एकत्र करू नका, रंगाने माहिती दाखवू नका. "हो", "होय", "वाय", "१" असं चार हातांनी चार तऱ्हेने भरलं की मशिन त्यांना चार वेगळी उत्तरं समजतं. कोड आधीच ठरवा: हो १, नाही ०. माहिती नाही यासाठी ९९ वापरायची सवय वयाच्या रकान्यात घात करते. सरासरी वय एकदम वाढलेलं दिसेल.

नाव आणि फोन चार्टमध्ये नको. प्रत्येकाला क्रमांक द्या, क्रमांक आणि नावाची यादी गाईडच्या कपाटात ठेवा. चार्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका.

रोज संध्याकाळी दहा फॉर्म दुसऱ्याने चार्टशी ताडून पाहायचे. आठवड्याने पाहिलं तर कुणी काय म्हणालं ते आठवत नाही. नकार देणाऱ्यांचीही संख्या लिहा, रिव्ह्यूअर ती मागतो.

विश्लेषणाला जामोवी हे सॉफ्टवेअर पुरतं, ते फुकट आहे. चोरीची कॉपी वापरून पेपरमध्ये विकतच्या सॉफ्टवेअरचं नाव लिहू नका.

थांबा: कुठल्या गोष्टीचा कशाशी संबंध तपासणार हे प्रोटोकॉलमध्ये होतं तेवढंच मुख्य निकालात. बाकी वीस जोड्या तपासून एखादी "सिग्निफिकंट" निघाली की ती पुढे करणं म्हणजे फासा पडेपर्यंत टाकत राहणं आहे.

## ८. लिहिताना उलटं लिहा

आधी तक्ते. मग पद्धती, मग निकाल, मग प्रस्तावना, मग चर्चा, शेवटी सारांश आणि शीर्षक. प्रस्तावनेपासून सुरू करणारे दोन पानं कीटकनाशकांच्या इतिहासात अडकतात.

पेपरमध्ये काय काय लिहिलेलं हवं याच्या ठरलेल्या याद्या असतात. आपल्यासारख्या अभ्यासाला स्ट्रोबची २२ मुद्द्यांची यादी लागते. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला प्रिस्माची २७ मुद्द्यांची. प्रत्येक मुद्द्यासमोर आपल्या मसुद्याचा पान क्रमांक लिहून बघा. ज्याच्यासमोर रिकामं राहील तेच रिव्ह्यूअर विचारणार. पद्धती विभागात बहुधा निसटतं ते हे: टोळ्या कशा निवडल्या, कुणाला वगळलं, "त्वचेचा त्रास" म्हणजे नेमकं काय धरलं.

तक्त्यांतल्या नेहमीच्या चुका: पी मूल्य (सांख्यिकी चाचणीतून येणारा आकडा, सॅम्पल साइजमधल्या 'पी'पेक्षा वेगळा) ०.००० असं छापणं (०.००१ पेक्षा कमी असं लिहा), बारा जणांतल्या तिघांचे २५.०० टक्के करणं. अपेक्षित संख्या पाचाच्या खाली असताना काय-स्क्वेअर चाचणी लावणं, तिथे फिशरची चाचणी लागते. आणि एका वेळी केलेल्या सर्वेक्षणातून "मोजे न घातल्यामुळे त्रास झाला" असं म्हणता येत नाही. त्रास झाल्यावर मोजे घालू लागलेलेही त्यात असतात. "संबंध आढळला" इथेच थांबा.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. लहान वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. एआयकडून भाषा सुधारून घेतलीत तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. आयसीएमजेईने २०२३ मध्येच स्पष्ट केलंय की अशा साधनाला लेखक करता येत नाही. रुग्णांची माहिती त्यात टाकू नका. त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर उघडून पाहा, कारण अस्तित्वातच नसलेले पेपर ते बिनधास्त देतं. उघडलेला संदर्भसुद्धा वाचा. सारांश वाचून दिलेला संदर्भ पुष्कळदा उलटंच सांगत असतो.

साम्य तपासणीचा अहवाल काढा. टक्के कमी आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. पद्धती विभागातली ठरलेली वाक्यं जुळणं वेगळं आणि चर्चेतला अख्खा परिच्छेद जुळणं वेगळं.

तपासा: सारांशातला प्रत्येक आकडा तक्त्यात तसाच आहे का, एकाने वाचून दुसऱ्याने बोट ठेवून पाहा. निम्म्या मसुद्यांत इथे एक तरी तफावत निघते.

## ९. सबमिट करण्याचा दिवस

फाइल्स साधारण अशा: शीर्षक पान वेगळं, नाव नसलेला मसुदा, तक्ते, एथिक्सचं पत्र, सगळ्यांच्या सह्यांचं घोषणापत्र, स्ट्रोबची यादी, कव्हर लेटर. "नाव नसलेला" म्हणजे खरंच नसलेला. पद्धती विभागात कॉलेजचं नाव राहतं, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमचं राहतं, दोन्ही काढा.

कव्हर लेटरला अर्धं पान पुरे: काय विचारलं, काय सापडलं, हे याच जर्नलच्या वाचकाला का हवं, आणि पेपर दुसरीकडे दिलेला नाही. कॉन्फरन्सला पोस्टर दाखवलं असेल किंवा एसटीएसचा (आयसीएमआरच्या विद्यार्थी-संशोधन योजनेचा) अहवाल दिला असेल तर तेही लिहा. एसटीएसचा अहवाल मंजूर होणं म्हणजे पेपर छापून येणं नव्हे, ही गल्लतही बरेच जण करतात.

मग धीर धरा. संपादक विद्यार्थीच आहेत, त्यांच्याही परीक्षा असतात. जर्नलने सांगितलेला कालावधी उलटल्यावर एक सभ्य ओळ पाठवा, दर आठवड्याला नको.

## १०. रिव्ह्यूला उत्तर

"मेजर रिव्हिजन" (मोठी दुरुस्ती करा) वाचून खचणारे पुष्कळ. दार उघडं आहे असा त्याचा अर्थ. दोन दिवस ईमेल बंद ठेवा, मग प्रत्येक शेरा क्रमाने वेगळा करून खाली उत्तर लिहा.

समजा शेरा आहे: "नमुना सोयीने निवडलेला आहे, निष्कर्ष जिल्ह्याला लागू होत नाहीत." नेहमीचं उत्तर: "आभारी आहोत, सुधारणा केली." यातून काहीच कळत नाही. असं लिहा: "मान्य. टोळ्या ओळखीच्या मुकादमांमार्फत मिळाल्या. पद्धती विभागात तसं स्पष्ट केलं. चर्चेतलं 'जिल्ह्यातील मजुरांमध्ये' बदलून 'अभ्यासातील मजुरांमध्ये' केलं. मर्यादांत एक वाक्य वाढवलं, पान ६, ओळी ११ ते १४."

शेरा पटला नाही तर तसं सांगता येतं, कारणासह आणि संदर्भासह. रिव्ह्यूअरने मागितलेली माहिती गोळाच केली नव्हती तर ती मर्यादांत लिहा. आकडे नव्याने "तयार" करू नका. उत्तर पाठवण्याआधी सगळ्या लेखकांनी वाचलेलं असावं, गाईडनीही.

नकार आला तर शेरे वाचून दुरुस्ती करा आणि यादीतल्या दुसऱ्या जर्नलकडे, त्यांच्या नमुन्यात बसवून पाठवा. जुन्या जर्नलचं नाव कव्हर लेटरमध्ये तसंच राहिलेले मसुदे संपादकांकडे नेहमी येतात.

स्वीकृतीनंतर प्रूफ येतं आणि मुदत दोन-तीन दिवसांचीच असते. आधी नावं पाहा: पासपोर्टवर, ऑर्किडवर आणि पेपरवर स्पेलिंग एकच हवं, आडनाव आणि वडिलांचं नाव यांची अदलाबदल झालेली नको. मग तक्त्यांचे रकाने सरकलेत का, आणि एथिक्सचा क्रमांक बरोबर छापलाय का. पेपर ऑनलाइन आल्यावर डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून तो आपल्याच पेपरवर जातो का पाहा. मूळ फॉर्म, मास्टर चार्ट आणि संमतीपत्रं पेन ड्राइव्हवर घरी नेऊ नका. विभागात, गाईडच्या ताब्यात, तारीख घालून ठेवा.